आजोबांचा बंद झालेला स्विस चाकू मुंबईत स्वस्तात मिळेल का?

डोंबिवलीच्या एका मुलानं विचारलंय. आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांच्याकडे चंदेरी, खडबडीत मुठीचा घडीचा स्विस चाकू होता. मुठीवर छोट्या लाल ढालीत क्रॉस, आत चार अवजारं, अडकवायला कडी नाही. घर बदलताना तो हरवला. दुकानात विचारलं तर हे मॉडेल बंद झालं म्हणाले. परदेशातून मागवायचा तर किमतीवर कुरिअर आणि वर कस्टम. मुंबईत जुना, परवडेल असा मिळेल का, आणि घेताना फसू नये म्हणून काय बघायचं? शेवटी 'काका, जरा सविस्तर सांगा' असंही लिहिलंय. काका म्हणालास, तर मी अरे-तुरेच करतो.

मिळेल. पुढच्या महिन्यात मिळेल असं नाही. वर्षभर डोळे उघडे ठेवलेस तर मिळेल, आणि काय बघायचं ते कळलं तर स्वस्तातही मिळेल. माझी ओळख एवढीच की भांडुपच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. शुक्रवारी दुसरी पाळी मागून घ्यायचो आणि पहाटे चोर बाजारात चक्कर मारायचो. घरात आज पासष्ट घडीचे चाकू आहेत. बायकोच्या मते त्यातले साठ जास्त आहेत.

आधी तुझा चाकू कोणता ते पक्कं करू, कारण नाव माहीत नसताना शोधायला निघालेला माणूस हमखास भलतंच घेऊन येतो. तुझ्या वर्णनावरून तो 'सोल्जर', म्हणजे स्विस लष्कराचं १९६१ चं मॉडेल. बंद केल्यावर लांबी ९३ मिलिमीटर. एक मोठं पातं. चांभाराच्या आरीसारखं टोचायचं एक अवजार. डबा उघडायचं अवजार, त्याच्या टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर. बाटलीचं झाकण उघडायचं अवजार, त्याच्या टोकाला मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि बाजूला वायर सोलायची खाच. मुठीला 'अलॉक्स' म्हणतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नक्षी दाबून वर ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेनं कडक थर चढवलेलं असतं, म्हणून ती खडबडीत लागते आणि ओल्या हातातून निसटत नाही. लष्करानं २००८ मध्ये मॉडेल बदललं. नवा चाकू १११ मिलिमीटरचा, हिरवा-काळा, एका हातानं उघडणारा. तेव्हापासून जुना सोल्जर बंद.

हा दुर्मिळ नाही. सत्तेचाळीस वर्षं एका देशाच्या सैनिकांना वाटलेली वस्तू दुर्मिळ कशी असेल? परदेशात शौकीन लोकांनी भाव चढवलाय, तो वेगळा. मुंबईत याचा भाव चढत नाही याचं कारण फार साधं आहे, आणि माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे: तो लाल नाही. आपल्याकडे जुन्या वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला 'लाल मूठ म्हणजे स्विस, स्विस म्हणजे पैसे' एवढं पाठ असतं. मोडक्या पात्याचा लाल चाकू दाखवूनही तो दोन हजार सांगेल. शेजारी पडलेला चंदेरी सोल्जर त्याला बाटली उघडायचा ॲल्युमिनियमचा ओपनर वाटतो. मी आजवर तीन चांगले सोल्जर घेतले. एक चारशेला, एक बाराशेला (तो जवळजवळ न वापरलेला होता, त्याचं मला वाईट वाटलं नाही). तिसरा दीडशे रुपयांच्या डब्यात किल्ल्या, कुलपं आणि एका मोडक्या लायटरबरोबर आला.

आता एक गोष्ट, जी ऐकून कदाचित तू शोध थांबवशील. हेच अवजार 'पायोनियर' या नावानं आजही बनतं. तीच ९३ मिलिमीटरची अलॉक्स मूठ, तेच पातं, तीच चार अवजारं. फक्त वर कडी असते. सफरचंद कापायला, वायर सोलायला चाकू हवा असेल तर नवा पायोनियर घे आणि शुक्रवारी पहाटे झोप. आजोबांचाच हवा असेल तर पुढे वाच.

शोधताना एका नावावर अडून बसू नकोस. सोल्जर दोन कंपन्या बनवायच्या, व्हिक्टोरिनॉक्स आणि वेंगर. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे भाग वेगळे, फ्रेंच बोलणारे वेगळे. लष्करानं १९०८ मध्ये काम निम्मं निम्मं वाटून दिलं, म्हणजे कुणाची कुरकुर नको. व्हिक्टोरिनॉक्स श्वित्स परगण्यातल्या इबाखची, वेंगर फ्रेंच भाषिक देलेमाँची. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सनं वेंगर विकत घेतली आणि पुढे चाकूवरचं वेंगर हे नावच संपलं. म्हणून वेंगरचा शिक्का असलेला सोल्जर दिसला तर नकली समजून ठेवून देऊ नकोस. तोही तितकाच खरा आहे, आणि बाजारात त्याचं नाव कमी लोकांना ठाऊक असल्यानं बहुतेक वेळा स्वस्त सुटतो. गंमत म्हणजे १८९१ मध्ये लष्करानं पहिले पंधरा हजार चाकू मागवले तेव्हा एवढं काम उचलेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हताच. ते जर्मनीत, झोलिंगेनला बनवून घेतले.

शिक्का कुठे असतो? मोठं पातं पूर्ण उघड. धार जिथे संपते आणि पातं मुठीत शिरतं, त्या सपाट जागी बारीक अक्षरं असतात. सोल्जरच्या पात्यावर तिथेच सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. ८५ असेल तर १९८५. आजोबा कोणत्या साली बोटीवर चढले ते घरी विचारून ठेव.

आता कुठे शोधायचा.

चोर बाजार म्हटलं की लोक मटन स्ट्रीटवरच्या दुकानांत जातात. त्या दुकानांतून ग्रामोफोन, झुंबरं, सिनेमाच्या सेटला लागणाऱ्या वस्तू मिळतात आणि भावही त्याच गिऱ्हाइकांचे असतात. तुझं काम शुक्रवारी. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोडला उतर आणि उजाडायच्या आत पोच. खिशात छोटा टॉर्च ठेव. मोबाइलचा उजेड पसरट पडतो, त्यात पात्यावरचे चरे दिसत नाहीत. भेंडी बाजारच्या पुनर्विकासानं आजूबाजूचा नकाशा बराच बदललाय, त्यामुळे 'अमक्या गल्लीत अमका बसतो' असं सांगण्यात अर्थ नाही. चादर कुठे अंथरली जाते यापेक्षा तिच्यावर काय पडलंय ते महत्त्वाचं.

चाकू मांडलेल्या चादरीकडे मी सहसा जात नाही. चाकू वेगळा काढून मांडलाय म्हणजे तो विकण्यासारखा चाकू आहे हे मालकाला कळलेलं असतं. मी डबे बघतो. जुन्या किल्ल्या, नळाच्या तोट्या, चमचे, घड्याळाचे पट्टे, फ्यूज, असं सगळं एकत्र ओतलेलं असतं ते डबे. घर रिकामं करताना कपाटाचा खालचा खण जसाच्या तसा उलटा केला की असा डबा तयार होतो, आणि घडीचा चाकू प्रत्येक घरात त्याच खणात असतो.

दुसरी जागा दारूखाना. हार्बर लाइनवर रे रोडला उतरायचं. बोटी तोडून निघालेला माल इथे वर्षानुवर्षं येत राहिला. आता मोठ्या बोटी तोडायला गुजरातेत अलंगला जातात आणि इथली पूर्वीची गर्दी राहिली नाही, पण जुन्या गोदामांत अजून काही ना काही निघतं. सोल्जर इथे मला कधी मिळाला नाही, खरं तेच सांगतो. पण खलाशांचे आणि ब्रिटिश लष्कराचे घडीचे चाकू मिळाले. बोथट टोकाचं जाड पातं, डबा उघडायचं अवजार, आणि पाठीमागे दोरखंडाच्या गाठी सोडवायचा लांब सुळा. त्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर तो ब्रिटिश सरकारी माल. दुसऱ्या महायुद्धातल्यांवर काळी, चौकडीची मूठ असते. तुला हा नकोय. पण शंभर-दीडशेत समोर आला तर घेऊन ठेव, आणि तुला नकोसा झाला तर मला विचार.

तिसरी जागा सगळ्यात चांगली आणि सगळ्यात दुर्लक्षित: तुमच्या गल्लीतला रद्दीवाला. रद्दीवाल्याकडे फक्त पेपर येतो असं आपल्याला वाटतं. म्हातारी माणसं गेली, मुलं परदेशी, फ्लॅट विकायचाय, तेव्हा पहिला फोन त्यालाच जातो. माहीमच्या एका रद्दीवाल्याला मी चाकूचा फोटो छापून दिला होता. त्यानं तो वजनकाट्याच्या मागे चिकटवून ठेवला. दीड वर्षानं त्याचा फोन आला. बाराशेचा न वापरलेला सोल्जर तोच.

आणि आजोबांच्या बरोबरीचे खलाशी? गुहागर, दापोली, मालवणकडची माणसं एकाच बोटीवर, एकाच बंदरात उतरायची आणि एकाच दुकानात खरेदी करायची. आजोबांनी घेतला तेव्हा शेजारच्यानंही घेतला असण्याची शक्यता चांगली. गावी गेलास की पत्र्याच्या ट्रंकांबद्दल विचार. तिथे भावाचा प्रश्न येत नाही, चहा आणि गप्पांचा येतो.

आता हातात घेतल्यावर काय बघायचं. या गोष्टीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक माणसं मूठ बघून चाकू घेतात आणि पैसे पात्याचे असतात. मुठीवरचे चरे, डाग, कोणी कोरलेलं नाव याकडे सोडून दे. लाल प्लास्टिकच्या मुठी नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, त्या बदलता येतात. अलॉक्सची मूठ रिव्हेटनं जडलेली असते, तिला हात लावू नये, पण ती खराब दिसली म्हणून चाकूचं काम अडत नाही. पातं मात्र एकदा झिजलं की झिजलं. गेलेलं लोखंड परत येत नाही.

आपल्याकडे ते झिजतं फार, आणि कारण आपल्या दारातच उभं असतं. सायकलच्या मागच्या चाकावर दगड फिरवणारा धारवाला. विळी, कात्री, कसायाची सुरी यांना तो ठीक. बारीक पात्याला तो दोन प्रकारे मारतो. एक, प्रत्येक खेपेला गरजेच्या दहापट लोखंड काढतो. दोन, कोरड्या दगडावर धार तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. चाकूचं पोलाद कडक केल्यावर साधारण २०० अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. त्याच्या बरंच वर तापलं की ते मऊ होतं. साध्या कार्बन पोलादावर निळा डाग साधारण ३०० अंशांना उमटतो. स्टेनलेसवर रंग आणखी वरच्या तापमानाला येतात, म्हणजे स्टेनलेस पात्याच्या धारेवर निळी झाक दिसली तर प्रकरण जास्तच गेलेलं आहे. स्विस पात्यांचा कडकपणा साधारण ५६ रॉकवेल (हे कडकपणा मोजायचं माप). मऊ झालेलं पातं छान धार घेतं आणि दोन टोमॅटोत सोडतं. बाजारात उभ्या उभ्या हे कळत नाही, म्हणून दगडाच्या खुणा शोधायच्या. धारेला आडवे, खोल, तिरके चरे असतील तर ते पातं चाकावर गेलेलं आहे. मुठीजवळच्या टोकाला धार आत खणल्यासारखी गेलेली असेल, तरीही तेच. चाकाचा घेर तिथेच बसतो.

किती झिजलंय हे ओळखायची माझी रीत सांगतो. चाकू पूर्ण बंद कर. अंगठा मुठीवरून आडवा, हलकेच फिरव, पात्याचं टोक जिथे लपतं तिथे. चांगल्या चाकूत टोक मुठीच्या आत बुडालेलं असतं, अंगठ्याला लागत नाही. टोक वर आलेलं असेल, अंगठ्याला टोचत असेल, तर समज की धारेकडून बरंच लोखंड गेलंय. धार झिजते तसं टोक पात्याच्या पाठीकडे सरकत जातं, आणि चाकू बंद केल्यावर पाठच बाहेरच्या बाजूला असते. विक्रेता कितीही पॉलिश मारो, हे त्याला लपवता येत नाही. एक अपवाद आहे. टोक मोडलं आणि कोणी पाठीकडून घासून नवं केलं, तर ते पुन्हा आत बुडतं. तेव्हा पात्याची लांबी कमी आणि पाठीला उतार दिसतो. पाठ सरळ जाता जाता टोकाशी एकदम खाली वळली असेल तर नको म्हण.

मग चाकू उजेडाकडे धरून वरून बघ. पातं दोन भिंतींच्या मधोमध आहे की एका भिंतीला घासतंय? उघडून पात्याला डाव्या-उजव्या बाजूला हलका झोका दे. केसभर हलणं चालतं. खुळखुळ वाजत असेल तर रिव्हेट ढिली झालीय. पितळी रिव्हेट गोल डोक्याच्या हातोडीनं हळूहळू बसवता येते, पण तुला करता येत नसेल तर तेवढे पैसे कमी कर. आणि आवाज ऐक. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना 'टक' असा आवाज यायला हवा. 'फस्स' करून आळसानं मिटणारं अवजार म्हणजे आत घाण साचलीय, किंवा स्प्रिंग गेलीय. घाण असेल तर घरी जाईल. स्प्रिंगला आडवी रेघ दिसली तर ती चीर आहे, असा चाकू फुकटसुद्धा नको. कधीतरी तो तुझ्या बोटांवर मिटेल.

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं नाही. पहिला 'सोल्जर' मी एका दुकानातून संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात सहाशेला घेतला. आरशासारखा चमकत होता, त्यालाच भुललो. घरी व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला. पुढे चांगला सोल्जर मिळाल्यावर त्याच्याशी ताडून बघितलं, तर पातं दोन मिलिमीटर अरुंद निघालं आणि टोक अंगठ्यात घुसलं. चमक बफिंगची, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकाची होती. बफच्या चाकावर धरला की गंज जातो, खड्डे बुजल्यासारखे दिसतात आणि शिक्क्याची अक्षरंही पुसट होतात. तेव्हापासून माझा नियम असा की जुना चाकू जुना दिसतोय ना, मगच हात लावायचा. काळपट, मळका, जाम झालेला चाकू मला आवडतो. त्याच्यावर कोणी कारागिरी केलेली नसते. तो सहाशेचा चाकू आजही स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापतो.

नकलीचं म्हणशील तर लाल मुठीच्या नकला ढिगानं आहेत, सोल्जरच्या माझ्या बघण्यात कमी आल्या. खऱ्याची अक्षरं बारीक आणि एका ओळीत असतात. नकलीत ती खोल, वाकडी, किंवा फक्त 'स्टेनलेस' एवढीच. अवजारांच्या कडा खऱ्यात साफ केलेल्या असतात, नकलीत बोटाला पत्र्यासारख्या लागतात. एक चुकीची समजूत इथेच काढून टाकतो. कोणीतरी चुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल, 'देखो, चिपकता है, स्टील असली नहीं.' उलट आहे. चाकूचं कडक केलेलं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. चिकटत नाही ते ताट-वाटीचं स्टील, आणि त्याचा चाकू करून काही उपयोग नाही.

घासाघिशीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाकूचा भाव वेगळा विचारू नकोस, डब्याचा विचार. किंवा तीन वस्तू उचल, चाकू त्यात मधली. पहाटेची बोहनी असेल तर जास्त ताणू नकोस, तो निम्म्यात देईल. आणि शिक्का वाचायचा तर एकदाच, पटकन. टॉर्च लावून पाच मिनिटं पात्याकडे बघत बसलास की चारशेचा चाकू चार हजारांचा होतो. हे मी स्वतः भोगलंय.

ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायच्या असतील तर व्हिक्टोरिनॉक्स लिहून शोधू नकोस. ज्याला ते नाव माहीत आहे त्याला भावही माहीत असतो. 'आर्मी चाकू', 'ओपनर', 'मल्टीटूल', 'फोल्डिंग चाकू', 'बाबांचा जुना चाकू' असं शोध. तीन फोटो मागव: बंद चाकू वरून, पातं उघडून पट्टीशेजारी, आणि पात्याच्या मुळाशी शिक्का. हे तीन द्यायला कां-कूं करणाऱ्याशी पुढे बोलू नये. पैसे हातात वस्तू आल्यावर. 'मी पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेव, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, द्यायला लागतो.

कायद्याचं थोडं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं परवान्याच्या यादीत येतात, घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाच्या वस्तू सोडून. तुझं पातं जेमतेम सात सेंटीमीटर, त्यामुळे घरी ठेवायला अडचण नाही. पण मुंबईत पोलीस वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्यावर मनाई काढतात. गणपतीच्या गर्दीत, मोर्चात, निवडणुकीत खिशात चाकू नको. विमानात केबिनच्या बॅगेत तर अजिबात नको, चेक-इनच्या सामानात टाक. खटका दाबून उघडणारा रामपुरी कोणी 'अँटिक' म्हणून पुढे केला तर हसून पुढे जा. आणि चोर बाजार हे नाव असलं तरी, माल चोरीचा आहे हे कळत असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पेटीबंद, पावतीसकट नवा चाकू रस्त्यावर चारशेला मिळत असेल तर तो नशिबानं मिळत नाहीये.

घरी आणलास की पहिल्या दिवशी धार लावू नकोस. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण, त्यात तासभर बुडव. पाण्यातच सगळी अवजारं उघड-मीट कर, जुन्या टूथब्रशनं आणि दात कोरायच्या काडीनं आतली घाण काढ. निघणारं काळं पाणी बघून घाबरशील, घाबरू नकोस. चिंच, लिंबू, धुण्याचा सोडा, तांब्या-पितळेची पावडर यातलं काहीही अलॉक्सला लावायचं नाही. ॲनोडाइझचा थर जातो आणि मूठ डागाळते. केस वाळवायच्या यंत्रानं आतपर्यंत कोरडा कर आणि प्रत्येक सांध्यात एक थेंब तेल सोड. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण त्यानं फळ कापणार असशील तर औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते घे. खोबरेल नको, ते पुढे चिकट होऊन स्प्रिंग जाम करतं.

धारेसाठी दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड पुरे. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ किंचित उचल, दर बाजूला १५ ते २० अंश. आधी जाड बाजू, मग बारीक. पहिल्यांदा जमणार नाही, म्हणून घरातल्या एखाद्या स्वस्त सुरीवर हात बसवून घे.

पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. चामडं ओल धरतं आणि स्टेनलेसलाही ठिपके पडतात. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिकाची पुडी डब्यात टाकून ठेव. पुढे हौस वाढली आणि खूप जुने, सेल्युलॉइडच्या (जुन्या काळच्या प्लास्टिकच्या) मुठीचे चाकू घेतलेस, तर ते बाकीच्यांत मिसळू नकोस. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून वाफ सुटते आणि डब्यातल्या सगळ्या पात्यांना गंज चढतो. माझे सात चाकू एका जून-जुलैत असे गेले. डबा उघडल्यावर कापरासारखा उग्र वास आला तेव्हा कळलं.

येत्या शुक्रवारीच निघायचं असेल तर पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा ने. पाचशेची नोट दिसली की भाव पाचशेच होतो. एखादा सोल्जर सापडला आणि ठरवता येईना, तर चाकू बंद करून वरून फोटो काढ आणि पाठव, टोक दिसेल असा. मूठ नाही दिसली तरी चालेल.